हरकती, सूचना आणि कायद्याचे विद्यार्थी

आमच्या विधी महाविद्यालयात दूरसंचार, प्रसारण आणि इंटरनेट यांच्या कायद्याचा अभ्यास करणारे विद्यार्थ्यांचे एक मंडळ आहे. मूट कोर्ट समितीसारखा त्याचा दबदबा नाही, विधी साहाय्य कक्षासारखे त्याला अभ्यासक्रमात स्थान नाही आणि दरवर्षी नव्याने प्रवेश घेतलेले विद्यार्थी ‘हे मंडळ नेमके करते तरी काय’ असे विचारल्याशिवाय राहत नाहीत. मी आता शेवटच्या वर्षाला असल्यामुळे मंडळाचे काम पुढच्या तुकडीकडे सोपवायचे आहे. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे, असे वाटले. थोडक्यात सांगायचे तर, या क्षेत्रातला कायदा न्यायालयात पोहोचण्याच्या कितीतरी आधी घडून गेलेला असतो. तो नियामकाच्या कन्सल्टेशन पेपरमध्ये (लोकांची मते मागवणाऱ्या टिपणात), परवान्याच्या अटींमध्ये आणि गृह विभागाच्या एक-दोन पानी आदेशांमध्ये घडतो, आणि आपल्याला वर्गात वाचायला शिकवतात ते मात्र न्यायनिर्णय. ही तफावत भरून काढण्यासाठी हे मंडळ आहे, असे माझे मत आहे.

न्यायनिर्णयांना कमी लेखण्याचा यात हेतू नाही. घटनेच्या तासाला भाषणस्वातंत्र्य शिकवताना सकाळ पेपर्स विरुद्ध भारत सरकार हा निवाडा हटकून येतो आणि मराठी विद्यार्थ्याला तो जरा जवळचाही वाटतो. १९५६ चा एक कायदा आणि त्याखाली १९६० मध्ये निघालेला आदेश यांनी दैनिकाची पाने आणि त्याची किंमत यांची सांगड घातली होती: अमुक किमतीला अमुक इतकीच पाने द्यायची, अधिक द्यायची असतील तर किंमत वाढवायची. ‘सकाळ’ आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून ३४ पाने देत असे. तेवढी पाने कायम ठेवायची, तर अंकाची किंमत ७ नये पैशांवरून ८ नये पैसे करावी लागली असती. एका नव्या पैशाचा तो प्रश्न होता. पण किंमत वाढली की खप घटतो आणि पाने कमी केली की मजकूर घटतो, म्हणजे कोणत्याही बाजूने गेले तरी वाचकापर्यंत पोहोचण्याच्या हक्काला कात्री लागते, हे न्यायमूर्ती मुधोळकर यांनी लिहिलेल्या १९६१ च्या निकालाने ओळखले आणि कायद्यातील ती तरतूद व तो आदेश दोन्ही घटनाबाह्य ठरवले. वर्गात यातून ‘खपाचे स्वातंत्र्य हाही भाषणस्वातंत्र्याचा भाग’ एवढे सूत्र वहीत उतरते आणि परीक्षेत ते लिहिले की गुण मिळतात. मंडळात आम्ही या निकालापाशी बराच वेळ रेंगाळतो, कारण माध्यमाचा दर ठरवणारा माणूस त्या माध्यमातून कोण किती बोलणार हेही ठरवत असतो, ही गोष्ट इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे क्वचितच दिसते.

त्याच प्रश्नाचे पुढचे रूप ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या ८ फेब्रुवारी २०१६ च्या विनियमांत दिसते. इंटरनेटवरील मजकूर कोणता आहे हे पाहून डेटाचे वेगवेगळे दर आकारण्यास त्या विनियमांनी मनाई केली. उल्लंघन झाल्यास दिवसाला ५० हजार रुपये आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये अशी आर्थिक तोशीस ठेवली. फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ ही निवडक संकेतस्थळे मोफत दाखवणारी योजना त्यामुळे भारतात बंद पडली. मंडळाच्या एका बैठकीत एका विद्यार्थिनीने असा मुद्दा मांडला की, ‘सकाळ’च्या निकालाचा आधार घेऊन दूरसंचार कंपन्याच उद्या म्हणू शकतील की दरावर बंधन घालणे म्हणजे आमच्या भाषणस्वातंत्र्यावर बंधन घालणे. त्यावर झालेला वाद मला अजूनही मंडळातल्या उत्तम वादांपैकी एक वाटतो. वृत्तपत्र स्वतः बोलते आणि आपल्या बोलण्याची किंमत ठरवते. दूरसंचार कंपनी दुसऱ्यांचे बोलणे वाहून नेते. वाहून नेणाऱ्याला स्वतःचा आवाज असतो का, आणि असला तर तो बोलणाऱ्याच्या आवाजाच्या तोडीचा मानायचा का, या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात तयार मिळत नाही. माझा कल असा आहे की, वाहकाचा हक्क अनुच्छेद १९(१)(छ) मधील व्यवसायाचा आहे आणि त्याला १९(१)(क) मधील भाषणस्वातंत्र्याचे वस्त्र चढवू नये. सर्वांना ते पटले नाही.

आपल्याकडची अडचण अशी की हा कायदा एका छपराखाली सापडत नाही. अमेरिकेत १९३४ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टने फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन स्थापन केले आणि तिथल्या विद्यार्थी मंडळांना डोळा ठेवायला एक मुख्य कार्यालय मिळाले. आपल्याकडे परवाना आणि स्पेक्ट्रम (म्हणजे रेडिओलहरींचे पट्टे) दूरसंचार विभागाकडे, दर आणि सेवेचा दर्जा १९९७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या ट्रायकडे, वाहिन्यांवरील मजकूर माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे, इंटरनेटवरील मध्यस्थांचे नियम इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे, आणि तंटा झाला की २००० च्या दुरुस्तीने आलेले टीडीसॅट हे न्यायाधिकरण. या सगळ्यांना एकत्र बांधू पाहणारे कम्युनिकेशन कन्व्हर्जन्स विधेयक २००१ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि व्यपगत झाले, म्हणजे संमत न होताच संपले. त्यामुळे आमच्या मंडळात प्रत्येक सदस्याकडे एक कार्यालय सोपवलेले असते. त्या कार्यालयाने राजपत्रात किंवा आपल्या संकेतस्थळावर काय टाकले ते पाहून बैठकीत सांगायचे. काम कंटाळवाणे आहे. पण कोणता कागद कोणत्या दारातून बाहेर पडतो हे कळण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

नव्या सदस्यांसाठीची पहिली बैठक नेहमी एकाच गोष्टीची असते: २०२३ च्या दूरसंचार कायद्यातील व्याख्या मोठ्याने वाचायच्या. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तारयंत्र कायदा यांची जागा घेण्यासाठी आलेला हा कायदा दोन्ही सभागृहांत डिसेंबर २०२३ च्या एकाच आठवड्यात संमत झाला आणि २४ डिसेंबरला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात ‘संदेश’ म्हणजे दूरसंचाराद्वारे पाठवलेली कोणतीही खूण, संकेत, लिखाण, मजकूर, चित्र, ध्वनी, चित्रफीत, डेटाप्रवाह किंवा माहिती. ‘दूरसंचार’ म्हणजे तार, रेडिओ, प्रकाशतंतू किंवा अन्य विद्युतचुंबकीय प्रणालींद्वारे अशा संदेशांचे प्रेषण, उत्सर्जन किंवा ग्रहण. वाचन संपले की एकच प्रश्न टाकायचा: व्हॉट्सॲपवरचा संदेश यात बसतो का? २०२२ च्या मसुद्यात इंटरनेटवरून चालणाऱ्या संदेशसेवांचा, म्हणजे ज्यांना सरसकट ओटीटी म्हटले जाते त्यांचा, स्पष्ट उल्लेख होता. २०२३ च्या पाठात तो गाळला गेला आणि ओटीटी सेवा या कायद्याखाली येत नाहीत, असे दूरसंचारमंत्र्यांनी सांगितले. तरीही व्याख्येचे शब्द तेवढेच ऐसपैस राहिले आहेत. मंत्र्यांचे स्पष्टीकरण आणि कायद्याचे शब्द यांत अंतर पडले तर न्यायालय कशाकडे पाहील, हा अर्थनिर्वचनाच्या तासाला शिकलेला प्रश्न इथे आपल्या खिशातल्या फोनला येऊन भिडतो. नव्या विद्यार्थ्यांपैकी निम्मे बसतो म्हणतात, निम्मे बसत नाही म्हणतात, आणि ज्यांना या मतभेदाचा कंटाळा येतो ते दुसऱ्या बैठकीला येत नाहीत. त्याला इलाज नाही.

प्रसारणाच्या बाजूने शिरायचे तर १९९५ च्या क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉल खटल्याइतके चांगले दार नाही. १९९३ च्या हिरो कप स्पर्धेचे सामने दाखवण्याचे हक्क बंगालच्या संघटनेने एका परदेशी कंपनीला दिले, दूरदर्शन अडून बसले, आणि ‘देशातून उपग्रहाकडे चित्र पाठवण्याची परवानगी द्यायची कोणी’ हा तांत्रिक वाटणारा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत, न्यायमूर्ती एस. मोहन आणि न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी यांच्या खंडपीठाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती सरकारच्या मक्तेदारीची वस्तू नाही, असे ठरवले आणि त्यांच्या नियमनासाठी स्वतंत्र, स्वायत्त प्राधिकरण स्थापन करण्याची पावले केंद्र सरकारने तातडीने उचलावीत, असे सांगितले. निकालातला हा शेवटचा भाग विद्यार्थी सहसा वाचत नाहीत, कारण प्रश्नपत्रिकेत तो येत नाही. १९९७ चे प्रसारण विधेयक व्यपगत झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसारण सेवा विधेयकाचा नवा मसुदा लोकांसमोर आला. पुढच्या वर्षी त्याची सुधारित प्रत निवडक संबंधितांनाच दाखवली गेल्याच्या बातम्या आल्या, टीका झाली आणि तो मागे घेतला गेला. रेडिओलहरी लोकांच्या असतील, तर त्यांच्या कायद्याचा मसुदा निवडकांपुरता का, एवढे विचारायला कायद्याची पदवी लागत नाही. पण तो मसुदा मिळवून त्याची जुन्या मसुद्याशी ओळीओळीने तुलना करायला थोडीफार कायद्याची सवय लागते, आणि ती सवय असलेली, वेळ असलेली, कोणाच्या पगारावर नसलेली माणसे म्हणजे विद्यार्थी.

इथून मी मंडळाच्या मुख्य कामाकडे येतो. ट्रायच्या कायद्यातील कलम ११(४) नुसार प्राधिकरणाने आपले काम पारदर्शकपणे करणे बंधनकारक आहे, आणि त्यातून एक रुळलेली पद्धत तयार झाली आहे. आधी कन्सल्टेशन पेपर निघतो. त्यात विषयाची पार्श्वभूमी, इतर देशांतील स्थिती आणि प्रकरणांच्या शेवटी क्रमांक दिलेले प्रश्न असतात. साधारणपणे चार आठवड्यांत लेखी मते मागवली जातात, मग एकमेकांच्या मतांवर प्रतिमते देण्यासाठी आणखी थोडी मुदत असते, सगळी मते संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात आणि शेवटी खुली चर्चा होते. गावच्या विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागवतात तसाच हा प्रकार, फक्त आराखड्याच्या जागी देशभराचे जाळे असते. या प्रक्रियेत विद्यार्थ्यांचे पत्र आणि मोठ्या कंपनीचे पत्र एकाच यादीत, एकाखाली एक लागते. वजन सारखे असते असा माझा भाबडा समज नाही. पण उत्तर द्यायला पात्र कोण, याची चाळणी लावलेली नसते, हे काही थोडके नव्हे.

२०१५ च्या मार्चमध्ये ट्रायने ओटीटी सेवांवर ११८ पानांचा पेपर काढला, तेव्हा या प्रक्रियेकडे सर्वसामान्यांचे लक्ष पहिल्यांदा गेले. नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवरील सर्व मजकुराला समान वागणूक मिळावी या तत्त्वाच्या, बाजूने दहा लाखांहून अधिक ईमेल पोहोचले. त्या वर्षाच्या अखेरीस भेदभावपूर्ण दरांवर दुसरा पेपर निघाला, आणि तेव्हा फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांकडून ‘फ्री बेसिक्स’च्या समर्थनाचे तयार मजकूर पाठवून घेतले, पेपरमध्ये विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेच या संदेशांत नाहीत, अशी तक्रार ट्रायने केली. मंडळात आम्ही या दोन्ही मोहिमा शेजारी शेजारी ठेवून वाचतो, आणि नेट न्यूट्रॅलिटीचे समर्थक असलेल्यांनाही हे मान्य करावे लागते की ईमेलची संख्या म्हणजे युक्तिवाद नव्हे. नियामकाला समर्थकांची मोजदाद नको असते, कारणे हवी असतात. प्रश्नांच्या शेवटी उत्तर कारणांसह द्यावे अशी सूचना उगाच नसते.

म्हणून आमच्या पत्रांसाठी आम्ही काही पथ्ये घालून घेतली आहेत. पेपरमध्ये वीस प्रश्न असतील तर वीसही सोडवायचे नाहीत. ज्या दोन-तीन प्रश्नांवर आपल्याला खरोखर काही म्हणायचे आहे तेवढेच घ्यायचे. सुरुवातीला घटनेची उद्देशिका आणि मूलभूत हक्कांवरचा परिच्छेद नको. नियामकाने सुचवलेल्या पर्यायांपैकी आपण कोणता निवडतो, त्याला कोणत्या कलमाचा आधार आहे, त्यामुळे कोणाचा खर्च वाढेल आणि तो खर्च वाढूनही हा पर्याय का बरा, एवढे लिहायचे. आणि शक्य असेल तिथे विनियमाचा पर्यायी शब्दपाठ स्वतः रचून द्यायचा. हे शेवटचे सर्वांत कठीण जाते. ‘ग्राहकांचे हित जपले जावे’ असे लिहिणारा विद्यार्थी ‘परवानाधारक, ग्राहकाने मागणी केल्यापासून अमुक दिवसांत’ असे वाक्य लिहायला बसला की पेन थांबते, कारण दिवस किती, मागणी कशी करायची, ती केल्याचा पुरावा कोणता, हे सगळे त्याला ठरवावे लागते. कायदा लिहिणे म्हणजे काय हे मला वर्गात जितके कळले त्याहून अधिक अशा एकेका वाक्याशी झटताना कळले.

हरकती-सूचनांच्या या पद्धतीला न्यायालयानेही कसे तोलले आहे, हे पाहण्यासाठी मे २०१६ चा कॉल ड्रॉपचा निकाल वाचावा. फोन मध्येच तुटला तर ग्राहकाला प्रत्येक वेळी १ रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीनदा, भरपाई द्यावी असा ट्रायचा विनियम होता. तो सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. ग्राहक म्हणून मला तो निकाल फारसा आवडला नाही, पण त्यात न्यायमूर्ती नरिमन यांनी पारदर्शकतेविषयी जे लिहिले आहे ते आमच्या मंडळाचे जणू घोषणापत्रच आहे: नुसती मते मागवून भागत नाही, आलेल्या मतांना नियामकाने कारणांसह उत्तर द्यायला हवे, आणि अशी प्रक्रिया सर्वच दुय्यम विधिविधानासाठी (कायद्याखाली केल्या जाणाऱ्या नियम-विनियमांसाठी) बंधनकारक करणारा कायदा संसदेने करण्याचा विचार करावा. असा सर्वसाधारण कायदा अजून झालेला नाही.

न्यायालयाची वाट विद्यार्थ्यांना परकी आहे, असे मात्र कोणी समजू नये. ‘आक्षेपार्ह’ ऑनलाइन संदेशांसाठी शिक्षा ठेवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ मार्च २०१५ मध्ये रद्द झाले, तेव्हा त्या निकालाला जिचे नाव लागले ती श्रेया सिंघल कायद्याची विद्यार्थिनी होती. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाल्यानंतर तिने याचिका केली होती. संध्याकाळी ६ ते १० या वेळेत मोबाइल वापरण्यास बंदी घालणारा वसतिगृहाचा नियम मानला नाही म्हणून काढून टाकलेल्या फहीमा शिरीन या विद्यार्थिनीच्या याचिकेवर केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. पण ६६अ ची पुढची कथा अधिक बोलकी आहे. रद्द झालेल्या त्या कलमाखाली पोलिस गुन्हे नोंदवतच राहिले, जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर धक्का बसल्याचे बोलून दाखवले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असे पुन्हा एकदा निर्देश द्यावे लागले. दिल्लीत रद्द झालेले कलम पोलिस ठाण्यातल्या छापील नमुन्यातून जायला सात वर्षे पुरली नाहीत, तर निकाल वाचून थांबणाऱ्या अभ्यासकाला कायद्याची स्थिती समजली असे कसे म्हणायचे?

इंटरनेटबंदीचे आदेश जमवून तपासण्याचे मंडळाचे काम याच विचारातून सुरू झाले. ‘सार्वजनिक आणीबाणी उद्भवल्यास किंवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या हितासाठी’ हा १८८५ च्या कायद्यातील कलम ५ चा शब्दप्रयोग २०२३ च्या कायद्याच्या कलम २० मध्ये जवळजवळ तसाच उतरला आहे. १९९६ च्या पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) निकालात फोन टॅपिंगच्या संदर्भात न्यायालयाने या दोन्ही संज्ञांचा अर्थ लावून दिला आणि दोहोंपैकी एकही परिस्थिती नसेल तर सरकारला हा अधिकार वापरताच येणार नाही, असे बजावले. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालाने त्यात भर घातली: इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही, बंदी प्रमाणबद्ध, म्हणजे गरजेपुरतीच, असली पाहिजे, आणि आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, म्हणजे ज्याला झळ बसली त्याला दाद मागता येईल. आदेश प्रसिद्ध करा हे एवढे साधे वाक्य नियमांत यायला नोव्हेंबर २०२४ उजाडले. दरम्यान डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने नोंदवले की देशात किती वेळा इंटरनेट बंद केले गेले याची नोंदच केंद्र सरकारचे संबंधित विभाग ठेवत नाहीत.

आदेश हाती आला की तो कसा वाचायचा, हे आम्ही नव्या सदस्यांना प्रत्यक्ष कागद समोर ठेवून दाखवतो. आधी सही पाहायची: राज्यात हा अधिकार गृह खात्याच्या सचिवाचा आहे, आणि अपरिहार्य परिस्थितीत दुसऱ्या प्राधिकृत अधिकाऱ्याने आदेश काढला असेल तर २४ तासांत त्याला मंजुरी मिळाली का, ते शोधायचे. मग कलम पाहायचे, कारण जमावबंदीच्या कलमाखाली जिल्हाधिकाऱ्यांनी इंटरनेट बंद केल्याची उदाहरणे आहेत आणि तो अधिकार त्या कलमातून निघतो का, याविषयी गंभीर शंका आहे. मग कारणे, क्षेत्र आणि मुदत: १५ दिवसांच्या वर जाता येत नाही. एका आदेशात कारणाच्या जागी एकच वाक्य होते, की अफवा पसरण्याची शक्यता लक्षात घेता कायदा व सुव्यवस्थेच्या दृष्टीने सेवा बंद करणे आवश्यक आहे. ते वाक्य फळ्यावर लिहून आम्ही विचारतो: यात सार्वजनिक आणीबाणी कुठे आहे? सार्वजनिक सुरक्षितता कुठे आहे? कायदा व सुव्यवस्था ही तिसरीच संज्ञा इथे कशी आली? मोबाइल डेटा बंद करून लॅंडलाइनचे ब्रॉडबँड चालू ठेवले असेल, तर अफवा कोणाच्या घरात शिरणार नाहीत असे आदेश काढणाऱ्याला वाटते? या शेवटच्या प्रश्नावर वर्गात हशा होतो, पण प्रमाणबद्धतेची सगळी कसोटी त्यात आहे.

आदेशानंतर पाच दिवसांत पुनर्विलोकन समितीने त्याची तपासणी करायची असते. राज्यात या समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव आणि सदस्यही सचिवच. न्यायाधीश कोणी नाही, बाहेरचे कोणी नाही. एका सचिवाचा आदेश त्याच्या सहकारी सचिवांनी तपासायचा, ही रचना मला मुळातच कच्ची वाटते. समितीच्या बैठकांचे इतिवृत्त मिळावे म्हणून आम्ही माहिती अधिकारात अर्ज केला, तेव्हा तो एका कार्यालयाकडून दुसऱ्याकडे हस्तांतरित झाला, तिथून तिसऱ्याकडे गेला आणि अखेर सुरक्षेचे कारण देऊन नाकारला गेला. पहिले अपील आम्ही केले आहे. अर्ज नाकारताना कोणते उपकलम लावले, एवढे तरी उत्तरात स्पष्ट असावे, असा आमचा त्यातला मुद्दा आहे.

करिअरचा प्रश्न नेहमी येतो, म्हणून चार शब्द. टीडीसॅटपुढे काम करणाऱ्या वकिलांचे वर्तुळ लहान आहे, कंपन्यांच्या विधी विभागांत या विषयाच्या जाणकारांना मागणी आहे, आणि समायोजित एकूण महसुलाच्या (ज्यावर परवाना शुल्क मोजले जाते त्या रकमेच्या) वादात २०१९ मध्ये परवान्यातील एका व्याख्येच्या अर्थाने कंपन्यांवर सुमारे ९२ हजार कोटी रुपयांचे देणे आणले, त्यावरून या कागदांची किंमत कळावी. याहून अधिक बोलण्यासारखे मला त्यात काही दिसत नाही.

पैशाविषयी मात्र अधिक स्पष्ट बोलायला हवे. एका कार्यक्रमासाठी एक दूरसंचार कंपनी प्रायोजकत्व द्यायला तयार होती आणि सभागृहाचे भाडे पाहता मोह होण्यासारखी रक्कम होती. आम्ही ते घेतले नाही. ज्या कंपनीच्या बाजूने किंवा विरोधात पुढच्या महिन्यात मत लिहायचे आहे, तिच्या फलकाखाली बसून व्याख्यान ऐकणे योग्य नव्हे. आणि हे तत्त्व सेवाभावी संस्थांच्या अनुदानालाही तितकेच लागू आहे, असे मी मानतो. मंडळातल्या काहींना हा सोवळेपणा वाटतो. त्यांचे म्हणणे असे की पैसा कुठून आला ते पत्रात उघड लिहिले की पुरे. पुढच्या तुकडीने हा प्रश्न पुन्हा उघडला तर मला वाईट वाटणार नाही, फक्त तो कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात उघडू नये.

मतभेद झाकून एकमताचे पत्र पाठवायचे नाही, हा आमचा दुसरा नियम. उपग्रहाद्वारे इंटरनेट देणाऱ्यांना स्पेक्ट्रम लिलावाविना, प्रशासकीय पद्धतीने देण्याची तरतूद २०२३ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. २०१२ मध्ये लिलावाविना दिलेले १२२ दूरसंचार परवाने रद्द करणारा टूजी निकाल वाचून आलेल्यांना ती धोक्याची घंटा वाटते. त्याच वर्षी राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर सर्वोच्च न्यायालयाने दिलेले मत वाचलेले म्हणतात की लिलाव हा एकमेव घटनात्मक मार्ग नाही हे न्यायालयाने तेव्हाच सांगितले आहे, आणि उपग्रहाची लहरपट्टी अनेकांना वाटून वापरता येते, मग लिलाव कशाचा करायचा? पत्रात आम्ही दोन्ही बाजू लिहितो, प्रत्येकीखाली ती कोणाची ते लिहितो. मुंबई उच्च न्यायालयात सरकारच्या तथ्य तपासणी कक्षाच्या नियमावर जानेवारी २०२४ मध्ये न्यायमूर्ती पटेल आणि न्यायमूर्ती गोखले यांची मते विभागली गेली आणि सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायाधीश न्यायमूर्ती चांदुरकर यांनी न्यायमूर्ती पटेल यांच्या बाजूने कौल दिला. ती तिन्ही मते सलग वाचणाऱ्याला मतभेद नीट कसा लिहावा, याचा वेगळा तास लागत नाही.

पुढच्या तुकडीकडे मी तीन गोष्टी देत आहे: अपिलाची फाइल, आतापर्यंत जमलेल्या आदेशांचे तारीखवार बाड आणि ट्रायच्या चालू पेपरवरील अर्धवट मसुदा. त्यातल्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात पर्यायी शब्दपाठाची जागा मोकळी आहे, आणि मते पाठवण्याची मुदत संपायला अजून अवधी आहे.